आठ महिने यीजिंग वापरून: तीन नाणी, आठ ट्रायग्रॅम आणि यिन-यांग

यीजिंग (आय चिंग) हे जुनं चिनी पुस्तक: मनात प्रश्न धरायचा, नाणी टाकून रेघांची आकृती काढायची आणि त्या आकृतीचा मजकूर वाचायचा. पुस्तक जूनमध्ये घेतलं, आता फेब्रुवारी संपत आलाय, वहीत ४१ वेळा रेघा काढून झाल्यात, म्हणून आता लिहायला बसलेय. माझी कॉपी जुनी, अप्पा बळवंत चौकातून घेतलेली. रिचर्ड विल्हेल्मच्या १९२४ च्या जर्मन भाषांतरावरून केलेलं इंग्रजी, पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची प्रस्तावना. हा विल्हेल्म १८९९ मध्ये मिशनरी म्हणून चीनमधल्या छिंगताओला गेला आणि तिथे लाओ नाय-श्वान या जुन्या पंडिताजवळ बसून हे शिकला, ते पानोपानी जाणवतं.

आधी नाण्यांचं सांगते, कारण माझे पहिले दोन आठवडे त्यातच वाया गेले. फेंगशुईच्या वस्तूंच्या दुकानात लाल दोऱ्यात बांधलेली चौकोनी भोकाची नाणी मिळतात ती आणली, दुकानदार म्हणाला अक्षरांची बाजू म्हणजे यिन, बाकी काही नाही. घरी येऊन बघते तर दोन्ही बाजूंना अक्षरं! एकीकडे चार, दुसरीकडे दोन. ही छिंग राजवटीच्या नाण्यांची नक्कल असते, चार चिनी अक्षरांच्या बाजूला बादशहाच्या कारकिर्दीचं नाव, मागे मांचू लिपीत टांकसाळीचं. चार अक्षरांची बाजू यिन, तिला २. उलटी बाजू यांग, तिला ३. मी नेमकं उलटं मोजत होते, ती पानं बाद केली.

तिन्ही नाणी टाकायची, बेरीज ६, ७, ८ किंवा ९ येते. ७ आणि ९ ला सलग रेघ, ६ आणि ८ ला मधे तुटलेली. असं सहा वेळा, आणि रेघा खालून वर काढायच्या, भिंत रचतो तशा. तीन रेघांचा ट्रायग्रॅम, ते आठच: आकाश, पृथ्वी, गडगडाट, पाणी, डोंगर, वारा, अग्नी, तळं. एकावर एक दोन ठेवले की हेक्साग्रॅम, असे ६४.

आता यिन-यांग. मी यिन म्हणजे अंधार, बायकी, नकारात्मक आणि यांग म्हणजे उजेड, पुरुषी, चांगलं असं धरून चालले होते, टीशर्टवरून माणसापर्यंत तेवढंच पोचतं. प्रत्यक्षात दोन्ही चिनी अक्षरांत डोंगराची खूण आहे. यांग म्हणजे डोंगराची ऊन लागणारी बाजू, यिन म्हणजे सावलीची. लुओयांग शहराच्या नावात तोच यांग आहे, लुओ नदीचा उत्तरेकडचा, उन्हाचा काठ. डोंगर एकच, ऊन फिरतं. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते, कारण मग सावलीला वाईट म्हणायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे लगेच पुरुष-प्रकृती म्हणून मोकळे होतात, मीही झाले होते, पण ते जुळत नाही. सांख्य दर्शनात पुरुष नुसता बघणारा आणि सगळं करणारी प्रकृती. इथे सुरुवात यांग करतो आणि ते धरून वाढवते ती यिन. शिवाय सांख्यातली दोन तत्त्वं एकमेकांत बदलत नाहीत, इथे तर सगळा जीव बदलण्यातच आहे. ६ आली की ते म्हातारं यिन, ९ आली की म्हातारं यांग, म्हणजे टोक गाठलेलं, आणि टोक गाठलं की उलटणारच, म्हणून ती रेघ सलग असेल तर तुटकी, तुटकी असेल तर सलग करून दुसरा हेक्साग्रॅम काढायचा.

ट्रायग्रॅममधली एक गोष्ट मला फार आवडते. पाण्याच्या ट्रायग्रॅममध्ये दोन तुटक्या रेघा आणि मधे एक सलग, तर बहुमताने तो यिन वाटेल ना? नाही, तो यांग धरतात, कारण जी रेघ एकटी तीच घराची चाल ठरवते. आकाश बाप, पृथ्वी आई, बाकी सहा त्यांची मुलं. पाणी मधला मुलगा, अग्नी मधली मुलगी.

आणि ११ वा हेक्साग्रॅम कागदावर स्वतः काढून बघाच. पृथ्वी वर, आकाश खाली, बघताना सगळं उलटंपालटं, आणि नाव काय तर शांती! १२ व्यात आकाश वर, पृथ्वी खाली, जिथल्या तिथे, आणि नाव खोळंबा. कारण आकाश वर चढणारं, पृथ्वी खाली बसणारी; ११ मध्ये दोघं एकमेकांकडे येतात, १२ मध्ये जागच्या जागी राहून दूर जात राहतात. घरात आमचं आणि सासूबाईंचं चार महिने काय चाललं होतं ते मला या सहा रेघांत दिसलं, कोण चूक हा प्रश्नच नव्हता, दोघी आपापल्या जागी बरोबर होतो आणि भेटतच नव्हतो.

जूनमध्ये नोकरी सोडू का विचारलं तर ५ वा आला, आकाशावर पाणी, म्हणजे ढग भरून आलेत पण पडत नाहीयेत, थांबा. मी लातूरची आहे, मला हे कुणी समजवायची गरज नव्हती. थांबले. भविष्य सांगतं का म्हणाल तर मी तसं वापरत नाही, पण प्रश्न नीट शब्दांत लिहायला लावतं आणि परिस्थितीकडे दुसऱ्या बाजूने बघायला लावतं, एवढं माझ्यासाठी पुष्कळ आहे.

तक्रारी आहेत. एकाच हेक्साग्रॅमचा मजकूर पहिल्या भागात आणि परत तिसऱ्या भागात विभागलाय, सारखं मागेपुढे करून माझ्या कॉपीची शिवण सुटली. ट्रायग्रॅमचं खरं स्पष्टीकरण दुसऱ्या भागात दडलंय, नवीन माणसाने ते आधी वाचावं. पानागणिक तो 'श्रेष्ठ पुरुष' येतो, त्याचा कंटाळा येतो. आणि फेंगशुई म्हणून दारावर लावायला जे आठ ट्रायग्रॅमचा आरसा घेताय त्यांनी निदान त्यातला एक तरी वाचायला शिका, मनापासून सांगतेय.

नाणी दुकानातली घ्यायची काहीच गरज नाही. एक रुपयाची तीन सारखी घ्या, सिंहाची बाजू यिन की यांग ते एकदाच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.