छपराचे इस्टिमेट आणि माझे एकोणसाठ हजार रुपये

पाटण तालुक्यातले आमचे घर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर वडिलांनी नव्याने उभे केले, आणि तेव्हापासून त्यावर मंगलोरी कौले होती. अलीकडे वाशांना वाळवी लागली, माकडांनी कौले फोडली आणि दर मे महिन्यात कौले परतायला माणूस मिळेनासा झाला, म्हणून लोखंडी पाइपाच्या कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, उभ्या करून वर रंगीत पत्रा घालायचे ठरवले. गावातल्याच एका ओळखीने कराडकडचा एक फॅब्रिकेटर आला. त्याने टेप लावली, आढ्यापासून वळचणीपर्यंत उताराचे माप घेतले आणि दुसऱ्या दिवशी एका पानाचे इस्टिमेट हातात ठेवले. मी दोन-तीन प्रश्न विचारू लागलो तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही निवांत बसा, आकडेमोड आमच्यावर सोडा." मी ती सोडली. अठ्ठावीस वर्षे पोरांना क्षेत्रफळाची गणिते घातलेल्या माणसाने हे करावे, याची लाज अजून वाटते.

घराची लांबी बाहेर काढलेल्या कडांसह ४० फूट आणि प्रत्येक पाखीचा, म्हणजे आढ्याच्या एका बाजूच्या छपराचा, उतार १८ फूट. म्हणजे दोन्ही पाख्या मिळून छप्पर १,४४० चौरस फुटांचे. इस्टिमेटमध्ये मात्र १८ फुटी ३२ पत्रे लिहिले होते. बाजारातला हा पत्रा साडेतीन फूट रुंद दिसतो, पण शेजारच्या पत्र्यावर चढणारी कड वजा केली की तो साधारण एक मीटरच झाकतो. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, बारा पत्र्यांत वीतभर उघडे राहते, म्हणून एका पाखीला १३ आणि दोन्हींना २६ पत्रे पुरतात. फॅब्रिकेटरने झाकणारी रुंदी तीनच फूट धरून २८ केले आणि नासाडीच्या नावाखाली वर चार चढवले. पत्रे मापानुसार कापूनच आले होते, तर नासाडी कशाची व्हायची होती, हा प्रश्न मला काम संपल्यावर सुचला. उरलेल्या सहांपैकी कड चेपलेला एक गोठ्यात टाकून बाकीचे पाच त्याने "उरलेला माल ठेकेदाराचा असतो" असे म्हणत टेंपोत चढवले. फुटाला १२५ रुपयांप्रमाणे ते ११,२५० रुपये झाले.

मजुरीत त्याने याहून मोठा हात मारला. चौरस फुटाला ३५ रुपये दर ठरला होता, पण कोणते चौरस फूट, हे कागदावर नव्हते. त्याने ३२ पत्रे, १८ फूट लांबी आणि साडेतीन फूट पूर्ण रुंदी यांचा गुणाकार करून २,०१६ चौरस फूट मजुरी लावली. म्हणजे एकावर एक चढलेल्या कडांची आणि छपरावर कधी न चढलेल्या सहा पत्र्यांचीही मजुरी मी दिली. जादा ५७६ चौरस फुटांचे २०,१६० रुपये.

हे सगळे उघडकीस आले ते वळवाच्या पहिल्या पावसानंतर. पन्हळीत अडकलेला पाला काढायला मी शिडीवरून पत्र्यावर पाय ठेवला आणि पत्रा डब्यासारखा आत दबला. तासवडे एमआयडीसीत काम करणारा भाचा रविवारी मायक्रोमीटर घेऊन आला. गोठ्यातल्या पत्र्याला त्याने तीन ठिकाणी लावला. रंगासकट जाडी भरली ०.४१ मिमी. इस्टिमेटमध्ये नुसते "०.५०" लिहिले होते, रंगासकट की रंगाशिवाय, याचा पत्ता नव्हता. नंतर आम्ही तो पत्रा सोयाबीनच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर नेला. असा पत्रा १,२२० मिमी रुंदीच्या कॉइलमधून दाबून काढतात आणि एक मिमी जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचे वजन ७.८५ किलो असते. त्या हिशेबाने ०.५० चा १८ फुटी पत्रा २६ किलोंचा, आणि रंग-मुलाम्याचे थर पोलादाहून हलके असल्यामुळे फार तर दोनेक किलो कमी भरायला हवा होता. काट्याने १९ किलो दाखवले. चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या मागे कंपनीचे नाव आणि जाडी छापलेली असते; आमच्या पत्र्याची पाठ कोरी होती, आणि तो उतरवून घेताना ती उलटून पाहायला अर्धा मिनिटही लागले नसते. ०.४१ जाडीचा पत्रा तेव्हा फुटाला १०० रुपयांनी मिळत होता, म्हणजे २६ पत्र्यांमागे ११,७०० रुपये गेले.

अंगणात पाइपाचा वीतभर तुकडा पडला होता. दोन इंची चौकोनी पाइप २.९ मिमी जाडीचा ठरला होता, तुकडा २ मिमीचा निघाला. २० फुटी पाइपाचे वजन पहिल्या जाडीत सुमारे २५ किलो आणि दुसरीत १८ च्या आत असते. बिल किलोवर होते, पण वजनकाट्याची पावती कुठेच नव्हती. फॅब्रिकेटरने तक्त्यातले २५ किलो धरून ३० पाइपांचे पैसे घेतले होते. पाइपामागे सात किलो, किलोला ७८ रुपये, एकूण १६,३८० रुपये. स्क्रू आणि आढ्याच्या टोपीचा हिशेब मी केलाच नाही. तोवर मन विटले होते.

फोनवर त्याने आधी "सगळीकडे असेच धरतात" असे सांगितले, मग फोन उचलणे बंद केले. साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मला १९१५ या हेल्पलाइनवर कळले. अडचण एवढीच की, १८ टक्के जीएसटी वाचवण्याच्या मोहाने पक्के बिल नको, असे मीच त्याला म्हणालो होतो. माझ्याकडे आहे ते त्याच्या हस्ताक्षरातले इस्टिमेट, बँकेतून दिलेल्या रकमांच्या नोंदी, काट्याची चिठ्ठी आणि तो चेपलेला पत्रा. तक्रार त्यांवरच लिहिली आहे. दरम्यान, पाटणचा पाऊस माझ्या तक्रारीसाठी थांबणार नाही, म्हणून पत्रा दबू नये यासाठी आधीच्या आडव्या पाइपांच्या मधल्या जागेत नवे पाइप टाकून घेतले. या वेळी टेंपो आधी काट्यावर नेला, आणि पावती माझ्या खिशात आल्यावरच माल उतरवला.