लाझारसमधलं पास्कल स्क्रिप्ट: जोडायला सोपं, नोंदणीत मात्र डोळ्यात तेल घाला

बिलातली सवलत किंवा अहवालातला हिशेब ग्राहकाला स्वतः बदलता यावा, त्यासाठी दर वेळी नवी एक्झी (प्रोग्रामची फाइल) पाठवायला लागू नये, एवढीच गरज असेल तर लाझारस (पास्कल भाषेत प्रोग्राम लिहिण्याचं साधन) वापरणाऱ्याला बाहेर शोधायचं कारण नाही. रेमऑब्जेक्ट्स कंपनीचं पास्कल स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रामच्या आत पास्कलमधल्या स्क्रिप्ट चालवणारं इंजिन, लाझारससोबतच येतं, तेही फुकट. विंडोजचे इन्स्टॉलर बनवणाऱ्या इनो सेटअपच्या 'कोड' विभागामागेही हेच इंजिन आहे.

पॅकेज मेन्यूतून 'पास्कलस्क्रिप्ट' निवडून आयडीई (लाझारसची खिडकी) पुन्हा बिल्ड केली की पॅलेटवर टीपीएसस्क्रिप्ट हा घटक दिसतो. तो फॉर्मवर टाकायचा, मजकूर 'स्क्रिप्ट'मध्ये भरायचा, मग 'कंपाइल' आणि 'एक्झिक्यूट'. मजकुराचा बाइटकोड (इंजिनला चालवता येणारं रूप) होतो आणि तो साठवूनही ठेवता येतो. त्याच्या सुरुवातीला आजही 'आयएफपीएस' ही अक्षरं सापडतात, म्हणजे इनरफ्यूज पास्कल स्क्रिप्ट, हे त्याचं जुनं नाव!

खरं काम 'ऑनकंपाइल'मध्ये आहे. आपली फंक्शनं तिथे 'ॲडफंक्शन'ने नोंदवायची: पत्ता आणि घोषणेची ओळ. ही ओळ म्हणजे नुसती स्ट्रिंग, तुमच्या खऱ्या फंक्शनशी ती कोणी ताडून पाहत नाही. खऱ्या फंक्शनात 'डबल' आणि घोषणेत 'इंटीजर' लिहिलंत तरी कंपाइल बिनबोभाट होतं. चालवल्यावर भलतेच आकडे येतात, नाहीतर ॲक्सेस व्हायोलेशन (मेमरीच्या चुकीच्या जागी हात गेल्याची चूक). व्हेरिएबल नोंदवणाऱ्या 'ॲडरजिस्टर्डव्हेरिएबल'ला टाइप माहीत नसेल तर नोंदणी होत नाही. त्यामुळे परत आलेली किंमत तपासायचीच. ऑब्जेक्ट असेल तर 'ऑनएक्झिक्यूट'मध्ये 'सेटव्हारटूइन्स्टन्स'ही हवं.

मराठी मजकुराची गंमत वेगळी. लाझारसच्या स्ट्रिंगा यूटीएफ-८ (देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट), पण स्क्रिप्टमधलं 'लेंग्थ' बाइट मोजतं. 'मराठी'ची लांबी १५ येते आणि 'कॉपी'ने पहिले ४ घेतले तर 'म'नंतर अर्धवट बाइट उरतो. लेझयूटीएफ८ युनिटमधल्या यूटीएफ८लेंग्थ आणि यूटीएफ८कॉपी यांच्याभोवती स्वतःची छोटी फंक्शनं लिहून ती नोंदवा. थेट नोंदवू नका, कारण ओव्हरलोड (एकाच नावाची अनेक फंक्शनं) असल्यास कुठला पत्ता जाईल त्याचा भरवसा नाही. तरीही लांबी ५ येईल, ३ नाही: काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात.

फॉर्मवरून 'एक्झिक्यूट' केलेली स्क्रिप्ट खिडकी सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवरच चालते. कोणी न संपणारं 'व्हाइल' लिहिलं तर खिडकी गोठते. 'ऑनलाइन' (म्हणजे 'ऑन लाइन', स्क्रिप्ट चालताना वारंवार येणाऱ्या) इव्हेंटमध्ये अधूनमधून प्रोसेसमेसेजेस बोलवा आणि रद्द करण्याच्या बटणावर 'स्टॉप' लावा. प्रत्येक वेळी बोलावलंत तर वेग पार मरतो. गणक ठेवून हजार वेळांमागे एकदा पुरे. डीबग माहिती बंद करू नका, नाहीतर चालताना फुटलेल्या स्क्रिप्टची ओळ कळत नाही. डीएलएल प्लगइन मात्र ग्राहकाच्या हाती देऊ नका: ते जोडलं की स्क्रिप्टमधून कुठलीही डीएलएल बोलावता येते.

स्क्रिप्टमध्येच क्लास घोषित करायचे असतील तर हे इंजिन कामाचं नाही. डेल्फीत (पास्कलचंच दुसरं साधन) डीडब्ल्यूस्क्रिप्ट हे इंजिन ते करतं आणि मोठ्या स्क्रिप्टांसाठी तेच घ्यावं. लाझारसमध्ये राहायचं असेल तर क्लास होस्टमध्ये, म्हणजे तुमच्या मूळ प्रोग्राममध्ये, लिहा, नोंदवा, आणि स्क्रिप्टकडे फक्त नियम ठेवा.