विज्ञानपटातली जुनी रेल्वे: माथेरानची गाडी की मिरज-कोल्हापूर मार्ग?

तुटपुंज्या पैशात विज्ञानपट करायचा आणि त्यात जुनी गाडी, जुनं स्टेशन हवं असलं, की कोल्हापुरात दोन नावं निघतात. एक नेरळ-माथेरान, दुसरं आपल्याच घरचा मिरज-कोल्हापूर मार्ग. मी दोन्हीकडे चित्रीकरण केलं आहे. मोरेवाडीला चित्रनगरीत फलाट उभा करता येईल, पण त्यावर गाडी येत नाही, म्हणून तो विचार मी सोडला.

दिसण्यात माथेरान पुढे आहे, यात वाद नाही. १९०७ सालची लाइन, रुळांत जेमतेम ६१० मिलिमीटर अंतर, वळणं घेत चढणारा घाट आणि डोक्यावर विजेची तार नाही. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने मागून एखादी पांढरी कार फ्रेममध्ये घुसत नाही. कथेत परग्रहावरची खाणवसाहत असेल आणि गाडी लांबूनच दाखवायची असेल, तर बिनधास्त तिकडे जा. सामान वाहून नेण्याचा खर्च मात्र आधीच धरा. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान ही वरची शटल तेवढी चालते.

माझं घोडं अडलं ते डब्याच्या मापावर. आमच्या कथेत दोन पात्रं रात्रभर समोरासमोर बसून बोलतात. माथेरानच्या डब्यात गुडघ्याला गुडघा लागतो. कॅमेरा मागे सरकवायला जागा नाही, म्हणून रुंद कोनाची लेन्स लावावी लागते, आणि ती लावली की जवळचा चेहरा फुगतो, नाक पुढे येतं. हळवा संवाद चाललाय आणि बघणाऱ्याचं लक्ष नाकाकडे. बाहेर आणखी पंचाईत. उंच नट डब्याशेजारी उभा राहिला की गाडीचा सगळा रुबाब जातो. दुसऱ्या जगातून आलेल्या गाडीची छातीत धडकी भरायला हवी. आम्ही कॅमेरा जमिनीला टेकवला, नटाला रुळांपासून लांब नेलं, तरी संकलनाला बसल्यावर तो प्रसंग सहलीचाच वाटत राहिला. कदाचित अधिक अनुभवी छायालेखकाला हे जमेल. मला नाही जमलं.

मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा. तिथला निळा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या बनावटीचा) सव्वातीन मीटर रुंद असतो. दोघं समोरासमोर बसवा, कॅमेरा वाटेपलीकडच्या बाकावर ठेवा, चेहरे जसे आहेत तसे येतात. हे डबे बनणं २०१८ मध्येच थांबलंय, त्यामुळे खिडकीचे आडवे गज आणि छताचे पंखे आता जुन्या काळातलेच वाटतात.

आपल्या मार्गाची उणीव म्हणजे विजेच्या तारा. आकाश दिसलं की तार दिसलीच. आम्ही पादचारी पुलावरून खाली बघणारे कोन घेतले, नाहीतर छपराखाली राहिलो. तिन्हीसांजेला तर तारा जवळजवळ विरून जातात. त्यांत २५,००० व्होल्ट असतात, त्यामुळे माइकची लांब काठी किंवा परावर्तक उंच धरायचा नाही, हे सगळ्यांना आधीच बजावा. परवानगीचं म्हणाल तर दोन्ही मार्ग मध्य रेल्वेचेच, तेव्हा कागदपत्रांसाठी दोन्हीकडे वेळ हाताशी ठेवा.

आता मिरज-कोल्हापूर मार्गावरच्या वळिवडे स्टेशनाबद्दल. हा रेल्वेमार्ग कोल्हापूर संस्थानाने बांधला, १८९१ मध्ये तो सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात घरदार हरवलेले सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका-मुलं, याच मार्गाने इथे आले आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला त्यांची वसाहत होती. आमची कथा आपलं जग गमावलेल्या माणसांची. हा इतिहास ऐकल्यावर नटांना फलाटावर कसं उतरायचं ते वेगळं सांगावं लागलं नाही. असा आधार माथेरानला मला तरी मिळाला नाही, जरी तिथला घाट मला मनापासून आवडतो.

वळिवडे किंवा त्याच मार्गावरचं रुकडी स्टेशन निवडलंत तर एक करा. पॅसेंजर थोडाच वेळ थांबते, आणि ती गेल्यावर फलाट बराच वेळ रिकामा असतो. त्या रिकाम्या वेळात गाडीविना तालीम करून घ्या आणि गाडी येताना दोन कॅमेरे लावा. टेक एकच मिळतो.