सिंहपुच्छ माकड की डायटम?

भाची एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र शिकते. प्रबंधाला सहा महिने आणि डोक्यात दोन विषय: सिंहपुच्छ माकड किंवा गोड्या पाण्यातले डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवाल. तिला सांगितलं तेच इथं लिहितो.

माकडाची ओढ कळते गं. काळं कुळकुळीत अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. जगात फक्त पश्चिम घाटात, आणि प्रौढ माकडं अडीच हजारांच्या आत. पण आपल्या कोल्हापूरजवळच्या दाजीपूरच्या जंगलात दिसतात ती साधी वानरं. याला गाठायचं तर कर्नाटकात, शरावती-अघनाशिनीच्या खोऱ्यांत जावं लागेल. परवानगी तिथल्या वनखात्याची, आणि प्राणी झाडांच्या शेंड्यांवरचा. कळप तुला सरावेपर्यंत सत्र संपेल. पीएच.डी.ला जरूर घे.

डायटम मात्र पंचगंगेच्या घाटावर पायाखालीच आहेत. पाण्यातल्या दगडावर पाय सटकतो ना, त्या तपकिरी बुळबुळीत थरात तेच भरलेले असतात. पुस्तकी मराठीत त्यांना ‘करंडक’ म्हणतात, आणि नाव चपखल आहे: सिलिकेचा करंडा, एक अर्धुक दुसऱ्यावर झाकणासारखं बसलेलं. पेशी दुभंगली की दोन्ही जुनी अर्धुकं झाकणं होतात आणि नवं अर्धुक आतल्या बाजूला तयार होतं. त्यामुळं एका शाखेतले करंडे पिढीगणिक बारके होत जातात, मग लैंगिक पुनरुत्पादनानंतर पुन्हा मोठे. एकाच जातीच्या इतक्या लांब्या बघून पहिला महिना डोकं फिरेल.

काम किचकट आहे, हे लपवत नाही. जुन्या टूथब्रशनं दगड घासायचा, नमुना ॲसिडमध्ये उकळायचा, पुन्हापुन्हा धुवायचा, मग सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपट ऑइल लेन्सखाली स्लाइडमागं चारशे अर्धुकं मोजायची. माझ्या पहिल्या दहा स्लाइड नीट न धुतल्यानं नुसत्या स्फटिकांनी भरल्या होत्या. पण पाणी किती बिघडलंय याचं उत्तर हाती लागतं: सांडपाणी मिसळलं की निट्झशिया पालेआसारख्या जाती माजतात.

माझा कौल फिरवला तो वेगळ्याच गोष्टीनं. डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर परिसरातले डायटम नोंदवले. पन्हाळगडावरच्या डायटमवर तर १९५९चा स्वतंत्र लेख आहे. त्यांच्या इथल्या गोम्फोनीमा या डायटमच्या एका प्रजातीच्या नोंदी २०१२ साली पुन्हा तपासल्या गेल्या. म्हणजे तुलनेला जुनी यादी तयार, तीही गावातलीच. माकडाच्या बाबतीत कोल्हापुरात बसून तुला असं काय मिळणार?

आणि गांधींनी शरावतीवरच्या जोग धबधब्याचेही डायटम अभ्यासले होते. तेव्हा माकडाच्या मुलखात जायची हौस उरलीच, तर बाटली आणि टूथब्रश घेऊन जा.