वीकेंडचा जपानी क्लास, साडेतीन स्टार

डेक्कनजवळच्या एका क्लासमध्ये एन-फाइव्हची, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यात सोप्या पातळीची, वीकेंड बॅच केली. नाव टाकत नाही, कारण सेन्सेई (म्हणजे शिक्षक) खरंच जीव तोडून शिकवतात, पण एक गोष्ट जाम खटकली ती सांगतोच.

"माए" हा शब्द. समोर पण माए आणि आधी पण माए. एकि नो माए म्हणजे स्टेशनसमोर, सान्नेन माए म्हणजे तीन वर्षांपूर्वी, आणि या दुसऱ्यात मध्ये "नो" (आपला चा-ची-चे) लावायचा नाही हे मला दोनदा मार्क गेल्यावर कळलं. आपल्याकडे झालं गेलं ते मागे, मागच्या वर्षी, मागे एकदा वगैरे, आणि यांचं समोर, त्यामुळे पहिले दोन आठवडे डोकं नुसतं गरगरत होतं.

पण खरी गोची क्रियापदाची. ओरलला सेन्सेईंनी विचारलं काल झोपायच्या आधी काय केलं, मी ठोकून दिलं "नेता माए नि", म्हणजे नेरु (झोपणे) चं भूतकाळी रूप, कारण क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून शिकवतात आणि इंग्रजीत तिथे भूतकाळच येतो. बरोबर आहे "नेरु माए नि", वाक्य कालचं असलं तरी नेरुच. का विचारलं तर म्हणे असंच असतं, पाठ करा. अहो पण आपण तरी काय म्हणतो, "झोपण्यापूर्वी दात घासले", "झोपल्यापूर्वी" कोणी म्हणतं का?? आणि नंतरचं सांगताना "जेवल्यावर", त्यांचंही ताबेता आतो, तिथे मात्र झालेलं रूप. डिट्टो मराठी! पेठेतल्या पोरांना हे एका मिनिटात कळलं असतं, आम्ही त्याच्यावर अख्खा रविवार घालवला.

अर्थात मराठीने मला आपटवलंही. लिसनिंगला "गिन्को नो माए" (बँकेसमोर) ऐकलं आणि मी ते बँकेच्या पुढे असं घेतलं, म्हणजे आपण रिक्षावाल्याला सांगतो ना, "सिग्नलच्या पुढे घ्या", तसं, आणि बँक ओलांडून पलीकडच्या चित्रावर टिक केली. त्यासाठी "साकि" आहे, गिन्को नो साकि. हा साकि पण नमुनाच आहे, पुढचा रस्ताही तोच, पुढचे दिवसही तोच, आणि आधी निघणाराही तोच. सेन्सेई मधला सेन म्हणजे याचीच कांजी (चिनी लिपीतून आलेलं अक्षर), आधी जन्मलेला, हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि तेवढ्या दहा मिनिटांना पूर्ण पाच स्टार. ऑफिसातून इतरांच्या आधी निघताना "ओसाकि नि शित्सुरेइ शिमास" म्हणायचं हे पण त्याच दिवशी शिकलो.

बाकी फी ठीक, नोट्स चांगल्या, पार्किंग शून्य, गाडी दोन गल्ल्या सोडून लावायची. डिसेंबरची जेएलपीटी द्यायची असेल तर बॅच सुरू व्हायच्या आधीच मराठीतून समजावाल का विचारून घ्या, आम्ही सातआठ जणांनी लेखी दिलंय, बघू. एन-फोरला मी तिथेच जाणारे.