फियाट डिलाइट: नवीन वायरिंग, क्रोम आणि काचेची रबरं, आठ महिन्यांनंतर

जुलैत पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत होतो, रात्रीचे साडेनऊ, पाऊस धो धो, आणि गाडीचा डावा हेडलाइट गेला. उजवा पिवळा पडत पडत नुसता मेणबत्तीएवढा राहिला. बायको शेजारी बसून टॉर्च काचेला लावून धरत होती. एका ट्रकच्या मागे मागे घाट काढला. चारच महिन्यांपूर्वी अख्खं वायरिंग नवीन टाकलेलं, त्यामुळे डोकं किती फिरलं असेल बघा.

गाडी ६८ची, वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, डायनॅमोवालीच (म्हणजे बॅटरी चार्ज करायला आजच्या अल्टरनेटरऐवजी जुना, कमी ताकदीचा डायनॅमो). मार्चमध्ये तीन कामं केली. बाजारात मिळतो तो तयार वायरिंग सेट ४,५०० ला, बंपर-हँडल-ग्रिलचं क्रोम १४,००० ला, आणि पुढच्या-मागच्या काचेची रबरं २,८०० ला. मजुरी वेगळी.

घाटातून आल्यावर पहिल्यांदा दुकानदाराशीच भांडलो. तो म्हणाला इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नसते. हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर वायरिंग सेटला शिव्याच घातल्या असत्या. बरं झालं नाही लिहिला, कारण सेटचा दोष चार आण्याचा निघाला, बाकी बारा आणे फ्यूजचा.

फ्यूजबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यावर कोणी बोलतच नाही. आपल्या फियाटला ते दोन्ही टोकांना निमुळते, गोळीसारखे फ्यूज असतात. जुने चिनी मातीचे आणि वरून तांब्याची पट्टी, आता मिळतात ते प्लॅस्टिकचे आणि पट्टी बहुतेक ॲल्युमिनियमची. डाव्या लाइटचा फ्यूज काढून बघितला तर पट्टी शाबूत, म्हणजे उडालाच नव्हता. टोकावर पांढरी भुकटी, कॉन्टॅक्टच नाही, आणि गरम होऊन प्लॅस्टिक मऊ पडलेलं, त्यामुळे स्प्रिंगची पकड पण सैल. उजवीकडे मल्टिमीटर लावला. इंजिन रेस करून बॅटरीवर १३.५ व्होल्ट, बल्बवर फक्त ११! एकट्या फ्यूजमध्ये ०.९ खाल्लेले, अर्थमध्ये (बल्बपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर) ०.७, उरलेले स्विच आणि वायरीत. व्होल्टेज १०% पडलं तर उजेड साधारण ३०% पडतो, म्हणजे माझा लाइट जवळजवळ निम्म्यावर आलेला, आणि मी मात्र बल्ब बदलत बसलेलो.

अजून एक, दुकानदाराने "उडणार नाही साहेब" म्हणून लाल फ्यूज दिले होते. पांढरा ८ अँपिअर, लाल १६. आठच्या जागी सोळा टाकला तर फ्यूजच्या आधी वायर जळू शकते. हे नुसतं चूक नाही, धोकादायक आहे, तुमच्या गाडीत लाल कुठे कुठे आहेत ते आजच बघा.

पण भुकटी एवढ्या लवकर धरली कशी? हे कळायला मला अजून पंधरा दिवस लागले. मुलाला पाइप धरून काचेवर पाणी मारायला लावलं आणि मी डॅशबोर्डखाली आडवा झालो. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी येऊन वायरींच्या गुच्छावरून ओघळत होतं, थेट फ्यूजपर्यंत! नवीन रबर एका उन्हाळ्यात कडक होऊन कोपऱ्यात उचललेलं. म्हणजे मी रबराला 'शोभेचं काम' समजून स्वस्तातलं घेतलं आणि त्यानेच वायरिंग खाल्लं. दोन्ही कामं वेगळी समजू नका. आधी रबर, मग पाणी मारून टेस्ट, मगच वायरिंग.

पुढे काय केलं: जुन्याच गाडीतून निघालेलं रबर ९०० ला मिळालं, मऊ आहे, बसवताना सीलंट भरलं, पुढचा सगळा पाऊस कोरडा गेला. फ्यूजच्या स्प्रिंगा पॉलिश पेपरने घासून आत वाकवल्या, तांब्याच्या पट्टीचे पांढरे फ्यूज टाकले. हेडलाइटची अर्थ वायर रंगावर नुसती स्क्रूने दाबलेली होती, तिथला रंग खरवडून जाड वायरीने पक्की केली. दोन रिले (छोट्या करंटवर चालणारे, मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाकले म्हणजे सगळा करंट डिपर स्विचमधून जात नाही. रबर सोडून बाकीचा खर्च ६८०. आता बल्बवर १३.१ मिळतात, बल्ब तेच जुने ४५/४० वॅटचे. हॅलोजनचे ६०/५५ मुद्दाम नाही टाकले, दोन मिळून वरच्या बीमला १० अँपिअर ओढतात, त्यात वायपर आणि इग्निशन, डायनॅमोला झेपत नाही. ऑक्टोबरमध्ये रात्री परत साताऱ्याला गेलो, घाटात कडेचे पांढरे पट्टे लांबून दिसत होते, बायकोने टॉर्च बॅगेतून काढलीच नाही. खूप बरं वाटलं.

वायरिंग सेटबद्दल मत आता असं की घ्यायला हरकत नाही, रंग जुन्याप्रमाणेच आहेत, लांबी बरोबर आहे, फक्त हेडलाइटच्या वायरी बारीक आहेत, त्या बदला आणि प्रत्येक लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) ओढून बघा, माझे दोन हातात आले.

क्रोमचं थोडक्यात, बंपर अजून आरशासारखे आहेत. दाराच्या हँडलांवर मात्र परत फोड आलेत. ती जस्ताच्या ओतकामाची असतात, त्यांना आधी तांब्याचा थर नीट बसवावा लागतो, मग निकेल, मग क्रोम. माझ्या कारागिराने लोखंडासारखंच ॲसिडमध्ये बुडवलं असणार. दोन हँडलं परत काढून ठेवलीत. या वेळी तांब्याचा थर दिल्यावर मला दाखव, त्याशिवाय निकेलला घालू नको, असं त्याला सांगितलंय.