चावीचा लाल लेझर पॉइंटर, बटण सेल आणि रिमोटचे सेल : एका सत्राच्या वापरानंतर

चावीच्या कड्याला अडकवायच्या माझ्या लेझर पॉइंटरचा ठिपका तासाभरातच मंदावतो, या तक्रारीवर विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं : सेल वॉरंटीत येत नाहीत आणि बटण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. हे दहा सेकंदांचं बंधन खोक्यावर नव्हतं, जाहिरातीतही नव्हतं. जाहिरातीत होतं ‘रेंज २ किलोमीटर’. मला दोन किलोमीटर नको होते. समोरच्या भिंतीपर्यंत एक तास सलग चालणारा ठिपका हवा होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर बोट दाखवायला मला पॉइंटर लागत नाही, प्रयोगांना लागतो. स्टँडच्या चिमट्यात पॉइंटर अडकवायचा, बटणावर रबर बँड गुंडाळायचा आणि समोर सीडीचा तुकडा धरायचा. सीडीवरच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, त्यामुळे ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश मधल्या ठिपक्यापासून सुमारे २४ अंशांवर दुसरा ठिपका पाडतो. भिंत एक मीटरवर असेल तर दोन ठिपक्यांत साधारण ४४ सेंटिमीटर भरतात. मुलं फूटपट्टीने ते मोजतात आणि उलटं गणित करून रेघांमधलं अंतर काढतात. डोक्यावरचा केस किरणाच्या वाटेत धरला की भिंतीवर पट्टे दिसतात, त्यावरून केसाची जाडी निघते. यासाठी पॉइंटर सलग चालू राहायला हवा. पहिल्या गटाचं मोजून होईपर्यंत ठिपका लखलखीत असायचा. तिसऱ्या गटाची पाळी येईपर्यंत बाजूचा ठिपका भिंतीवर शोधावा लागायचा आणि मागच्या बाकावरची मुलं शोधणं सोडून द्यायची. याचा मला फार राग आहे. ज्या मुलांपर्यंत प्रयोग पोहोचायला हवा, नेमकी तीच राहून जातात.

दोष तीन बटण सेलचा, म्हणजे एलआर४४ किंवा एजी१३चा. तिन्ही मिळून ४.५ व्होल्ट देतात, कागदावर चांगलंच. पण हे सेल घड्याळ आणि कॅल्क्युलेटरसारख्या कमी भुकेच्या वस्तूंसाठी बनलेले आहेत. त्यांचा स्वतःचा आतला रोध बराच असतो आणि प्रवाह खेचला की व्होल्टेज बसतं. मल्टिमीटर जोडून प्रवाह मोजला : नवे सेल टाकल्यावर तीस मिलिअँपिअरच्या थोडं वर, आणि तास संपताना पंधराच्याही खाली. पॉइंटरमध्ये किरण तयार करणाऱ्या भागाला, म्हणजे लेझर डायोडला, एका ठरावीक प्रवाहाखाली लेझर किरण देताच येत नाही, नुसता मंद लालसर उजेड पडतो. त्यामुळे बल्बसारखा तो हळूहळू मंदावत नाही, एका टप्प्यानंतर एकदम कोसळतो. दहा सेलच्या पट्टीला आमच्याकडे पन्नास रुपये पडतात, म्हणजे एका तासाला पंधरा रुपयांचे सेल गेले, आणि तेही माझ्या खिशातून. सिल्व्हर ऑक्साइडचे एसआर४४ जास्त स्थिर चालतात, पण त्यांची किंमत ऐकून मी ते परत ठेवले.

तेव्हा ठरवलं, सेल बाहेर काढायचे. पॉइंटरच्या नळीत बटण सेलच्या जागी जुन्या पेन्सिलीचा तुकडा बसवला. त्याच्या पुढच्या टोकाला ड्रॉइंग पिन ठोकली आणि पिनेखालून वायर काढली. पिन आतल्या स्प्रिंगला टेकते. दुसरी वायर क्रोकोडाइल क्लिपने थेट धातूच्या नळीला. स्प्रिंगवर सोल्डर करायला जाऊ नका, उष्णता आत डायोडपर्यंत जाते. आणि इथे एक गोष्ट नीट पाहा : टॉर्चमध्ये नळी ऋण असते, पण अशा बहुतेक लाल पॉइंटरमध्ये नळी धन आणि स्प्रिंग ऋण असते. म्हणूनच बटण सेलची सपाट धन बाजू झाकणाकडे करून टाकायला सांगतात. लाल वायर नळीला, काळी स्प्रिंगला. लेझर डायोडला उलटं व्होल्टेज सोसत नाही, तेव्हा आधी मीटरने खात्री करा.

रिमोटचे, म्हणजे एएए मापाचे दोन सेल लावले तेव्हा तीन व्होल्टमध्ये जेमतेम सोळा मिलिअँपिअर गेले आणि ठिपका मलूल पडला. तीन नवे अल्कलाइन लावले तर प्रवाह पन्नासला टेकला आणि नळी बोटांना गरम लागू लागली. बटण सेलइतकेच हे ४.५ व्होल्ट, मग असं का? माझ्या पॉइंटरच्या आत प्रवाह आवरायला फक्त एक चिमुकला रेझिस्टर, म्हणजे रोध देणारा तुकडा आहे, उरलेलं काम बटण सेलचा आतला रोध करत होता. तो रोध गेला की डायोडला हवं त्यापेक्षा जास्त मिळतं. वाटेत २७ ओहमचा रेझिस्टर घातल्यावर प्रवाह पुन्हा तिशीत आला.

इथपर्यंत माझं मत होतं की तीन अल्कलाइन आणि रेझिस्टर हेच उत्तर. पुढच्या महिन्यात ते बदललं. घरी कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी घेतलेले निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल एएए पडून होते. तीन सेलचे भरल्या भरल्या चार व्होल्टच्या आसपास होतात, मग बराच काळ ३.७च्या जवळ टिकून राहतात. जादा रेझिस्टर न लावताही प्रवाह तीस-बत्तीस. ८०० मिलिअँपिअर-तासांचे सेल, म्हणजे हिशेबाने पंचवीस तास. एकदा चार्ज केले की कित्येक आठवडे त्यांच्याकडे पाहावंही लागत नाही. शेवटच्या गटालाही पहिल्या गटाइतकाच स्पष्ट ठिपका दिसतो. ते पहिल्यांदा घडलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने केसाची जाडी ७० मायक्रोमीटर काढली आणि स्वतःच पुन्हा मोजून पाहिली. या पॉइंटरला कचऱ्यात टाकायचं मी ठरवलं होतं. आता म्हणतो, किमतीच्या मानाने त्याची लेन्स आणि डायोड दोन्ही चांगले आहेत, खराब होते ते सेल.

जास्त ताकदीसाठी लिथियम सेल लावू का, असं दोन सहकाऱ्यांनी विचारलं. पूर्ण भरलेले दोन लिथियम-आयन सेल म्हणजे ८.४ व्होल्ट. अशाने डायोडच्या टोकाचा आरशासारखा पृष्ठभाग जळतो, त्यानंतर तो फक्त एलईडीसारखा मिणमिणतो आणि कशानेही परत येत नाही. आणि समजा तगला, तर आणखी वाईट. पाच मिलिवॉटच्या वरचा किरण वर्गात नकोच. ठिपका ठळक हवा असेल तर रंग बदला : आपल्या डोळ्यांना ५३२ नॅनोमीटरचा हिरवा त्याच ताकदीच्या ६५०च्या लालपेक्षा सुमारे आठपट उजळ दिसतो. तरी स्वस्त हिरवा मी शाळेत नेत नाही. त्यात ८०८ नॅनोमीटरचा डायोड स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा किरण निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२चा हिरवा करतो. अवरक्त अडवणारा फिल्टर कारखान्याने वाचवला असेल तर न दिसणारे किरणही बाहेर येतात आणि ते डोळ्यात गेले तरी पापणी आपोआप मिटत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने १२२ पॉइंटर तपासल्याचं २०१३ साली जाहीर केलं, त्यात हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षा नियमांत बसले नाहीत. अशा पॉइंटरना वर आणखी जादा व्होल्टेज देणं मला पटत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरने डोळे गेल्याच्या बातम्या पालकांनी वाचलेल्या असतात, ते विचारतात, आणि विचारायलाच हवं. मी स्टँड असा ठेवतो की किरण भिंतीकडे जातो, त्या रेषेत कुणीच बसत नाही, आणि सीडीवरून परत येणारा ठिपका कुठे पडतो ते मुलं आत येण्याआधी पाहून घेतो.

खर्च सांगतो. तीन सेलचा होल्डर तीस रुपये, वायर आणि क्लिप पंधरा. रिचार्जेबल नव्याने घ्यावे लागले तर चार सेलचे चारशेच्या घरात जातात, तेवढ्यात बटण सेलवर सत्तावीसेक तास निघाले असते. होल्डर स्विचवालाच घ्या. रबर बँडखाली बटण सतत दाबून राहिल्याने त्याची पत्री आता सैल झाली आहे, मी ती दाबूनच कायमची बांधून टाकली आणि चालू-बंद होल्डरवरून करतो.